आडव्या रस्त्याचे घरमालक

पाडवा होऊन दोन दिवस झाले होते. भाडं ठरलं महिना साडेचार रुपये. त्यातून चालत्या मुलामागं चार आणे सूट, म्हणजे आम्हाला पावणेचार. हजर होते घरमालक, मी, माझी बायको, आमची तीन मुलं, आणि त्याच घरात मागच्या दोन खोल्यांत राहणारे एक मास्तर. माझा पगार किती, कचेरीत माझा हुद्दा कोणता, यातलं घरमालकांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी मुलांना ओट्यावर ओळीनं बसवलं आणि एकेकाचा तळपाय हातात घेऊन बघितला. भोरात त्या वेळी बिऱ्हाडकरूची जात बघत, जामीन बघत. पाय बघणारा हा एकच.

"धाकटी चालते का?" त्यांनी विचारलं.

"चालते," बायको म्हणाली, "पण जरा वेळानं कडेवर घ्या म्हणते."

"ते तिला कुणी शिकवलं?"

मग घरमालकांनी अट सांगितली. पाऊसकाळ सोडून दर रविवारी सकाळी बिऱ्हाडातल्या सगळ्यांनी त्यांच्याबरोबर गावाबाहेर फिरायला यायचं. आजारी माणसाला माफी. पाहुणे आले तर पाहुण्यांसकट यायचं. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, बोलतो, दोन महिन्यांत विसरेल. मी मान हलवली. ते आत गेल्यावर मास्तर हळूच म्हणाले, "स्वस्त घर महाग पडतं, रावसाहेब. पायांनी फेडावं लागतं."

मास्तरांना दोन मुलं होती आणि डोळ्यांखाली काळं होतं. त्यांचा आठवडा सहा दिवस शाळेत जाई आणि सातवा घरमालकांच्या मागं.

सगळे त्यांना अण्णा म्हणत. साठीच्या अलीकडचे, उंच, खांद्यात वाकलेले. बायको तरुणपणीच गेलेली, मूलबाळ नव्हतं, दुसरं लग्न केलं नाही. ते मुलांना घेऊन का हिंडतात याची गावात तीन-चार कारणं सांगत, आणि एकाचं दुसऱ्याशी जमत नसे. मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी माझ्याच मुलांच्या वहाणांविषयी काही तरी सांगितलं असतं.

त्यांच्या फिरण्याचा एक कायदा होता. सगळ्यात लहान मूल पुढं. त्याच्या पुढं कुणी जायचं नाही, त्याला उचलायचं नाही, त्याला चल चल म्हणायचं नाही. ते बसलं की सगळ्यांनी बसायचं. त्याला भूक लागली की तिथं शिदोरी सोडायची, आणि शिदोरी सोडली की ते त्या दिवसाचं ठिकाण. परत फिरायचं. त्यामुळं आम्ही कुठंही पोचत नसू. निघताना बायका देवीच्या देवळापर्यंत जायचं ठरवत आणि आम्ही चिंचेखाली दशम्या खाऊन परत येत असू. आमची शरू, म्हणजे धाकटी, आली तेव्हापासून पुढारीपण तिच्याकडं आलं. तिला मुंगळ्यांचा नाद. एका मुंगळ्यापायी पाच मोठी माणसं उन्हात खोळंबली आहेत, हातात पिशव्या, पुढं जाता येत नाही, मागं फिरता येत नाही, असं मी किती तरी वेळा अनुभवलं. चालून माणूस दमतो हे मला माहीत होतं. न चालता त्याहून जास्त दमतो हे मला अण्णांनी शिकवलं.

"मूल दमत नाही हो," ते म्हणायचे, "त्याला कंटाळा येतो. दमतो तो बाप, आणि नाव मुलाचं सांगतो."

शनिवारी संध्याकाळी ते एकटे जाऊन दुसऱ्या दिवशीची वाट बघून येत. बघण्याची तऱ्हा अशी की धोतराचा काचा मारून उकिडवे बसत आणि बसल्या बसल्या पुढं सरकत. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर काय आहे ते त्यांना बघायचं असे. उभ्या माणसाच्या मांडीला लागणारी बाभळीची फांदी तीन वर्षांच्या पोराच्या डोळ्यात जाते, हे त्यांचं म्हणणं. कोयत्यानं ती छाटायची, घाणेरीचं झुडूप मागं सारायचं, आणि मग पुढची जागा. शेतातून घरी जाणारी माणसं थांबून विचारत, "काय हरवलं का, आबा?"

"अजून नाही," अण्णा म्हणत आणि पुढं सरकत.

गडांशी त्यांचं वाकडं होतं. भोरात चार माणसं जमली की रोहिड्याच्या आणि रायरेश्वराच्या गोष्टी निघतात. कोण किती वेळात चढला, कुणाचा पाय कुठं घसरला. अण्णा उठून जात. गडाच्या वाटेला ते उभा रस्ता म्हणत. उभा रस्ता माणसाला स्वतःची मिजास दाखवायला बरा, मुलाला आडवा रस्ता पाहिजे, असं त्यांचं मत. एकदा माझे साडू वेल्ह्याला होते, त्यांनी आग्रह केला म्हणून आम्ही सगळं बिऱ्हाड, मास्तरांचं बिऱ्हाड आणि अण्णा असे तिकडं गेलो. नसरापूरपर्यंत मोटार, पुढं बैलगाडी. मुलं दोनदा ओकली. साडूंनी पहाटे उठून सगळी तयारी केली, डोक्यावर तोरणा उभा, पुरुषमंडळींच्या पायांना खाज सुटलेली. अण्णांनी सगळ्यांना नदीच्या काठानं नेलं. पहिल्याच डोहाशी शरू खडे वेचत बसली आणि दिवस तिथं संपला.

"एवढ्या लांब येऊन पायथ्याला बसायचं?" साडू मला म्हणाले. अण्णांना म्हणायची त्यांची छाती झाली नाही.

तिथं एक धनगर शेरडं पाजायला आला होता. त्यानं बराच वेळ आमच्याकडं बघितलं आणि विचारलं, "ही पोरगी म्होरं कशापायी?"

अण्णांनी त्याला कायदा समजावून सांगितला. धनगर हसला. "आमची पिढ्यान्‌पिढ्या जितराबामागं गेली, पन कोकरू म्होरं घालून कुनी चाललं न्हाई. मागं पडलं का खांद्यावर घ्याचं, झालं."

"म्हणून ते मेंढरू राहतं," अण्णा म्हणाले.

"तर काय व्हावं त्यानं? मामलेदार?" धनगर म्हणाला, आणि शेरडं हाकून गेला. अण्णा त्यावर परतीच्या गाडीत बराच वेळ विचार करत होते. शेवटी म्हणाले, "शेरडं होती ती. मेंढरांचं त्याला काय कळतंय." मास्तर माझ्याकडं बघून डोळे मिटून बसले.

अण्णा कुणाकडून काही घेत नसत. सणाला बायकोनं पुरणपोळी पाठवली तर ताट तसंच परत येई, वर दोन केळी ठेवून. आमच्याकडं बसले तर पाणीसुद्धा स्वतःच्या घरचं मागवत. भाडं घेताना त्यांचा चेहरा औषध घेतल्यासारखा होई. देताना मात्र हात सैल. चालताना मुलांना गूळ-शेंगदाणे देणं हे त्यांचंच काम, दुसऱ्या कुणी दिले तर आवडत नसे.

भोराच्या आसपास आडवा रस्ता मिळणं सोपं नाही. नदीचा काठ उतरता, मोठ्या रस्त्याला मोटारींचा धुरळा, बाकी सगळा चढ. सपाट, सावलीचा, घोटाभर पाण्याचा ओढा असलेला, आणि तासाभरात घरी येता येईल असा एकच रस्ता होता. तो उत्रोलीच्या अंगाला भाताच्या खाचरांमधून जाणारा बांध. पावसाळा सरला की आमचे दहातले सात रविवार त्या बांधावर जात. बांध एका बाईच्या शेतातला. नवरा वारलेला, मुलगा मुंबईला गिरणीत, घरी ती आणि सासू. आम्ही जायचो तेव्हा ती लांबून बघायची, बोलायची नाही.

मार्गशीर्षातला रविवार. भातं निघून गेलेली, खाचरात नुसते बुडखे. अण्णांनी आदल्या दिवशी उकिडवं बसून सगळा बांध बघितला होता. त्यांनी शरूला सांगितलं, "आता शेत मोकळं आहे. उतर खाली." शरू उतरली, म्हणून सगळी मुलं उतरली, मग बायका उतरल्या. बुडख्यांमधून हिरवं काही वर आलं होतं. मास्तरीणबाई वाकून म्हणाल्या, "अगं बाई, हरभरा. आपोआप उगवलाय वाटतं." नांगरट नाही, सरी नाही, वाफा नाही, शहाण्या माणसालाही वाटलं असतं की सांडलेल्या दाण्याचं उगवलंय. बायकांनी भाजीला पाला खुडला. मुलांनी आंबट लागतो म्हणून खाल्ला, आणि खुडता येईना तेव्हा रोपं मुळासकट उपटली. माझ्या बायकोचा पदर भरला तेव्हा ती शेतवाली बाई बांधावर येऊन उभी राहिली. शेणाची पाटी तिनं खाली ठेवली.

"झाली का भाजी, वैनी?" तिनं विचारलं.

बायको उभी राहिली.

"आनिक घ्या की. म्या काय, भात कापायच्या आदी ओलीवर दाना फेकला, त्यो तुमच्यासाटीच."

अण्णा पुढं झाले. "बाई, आम्हाला वाटलं शेत रिकामं आहे."

"दर शनवारी सांच्याला हितं वाकून वाकून काटं बगत हुता तुमी, म्हातारबा. पोरांच्या पायाला काय लागंल त्ये समदं दिसलं. पोरांच्या पायाखाली काय हाय त्ये न्हाई दिसलं व्हय?"

अण्णांनी बंडीत हात घातला. ती म्हणाली, "पैसं नगा दाखवू. उद्यापासनं ह्यो बांध बंद."

दुसऱ्या दिवशी बांधाच्या तोंडाला बाभळीच्या फांद्या आडव्या पडल्या.

त्यानंतरच्या रविवारी मी ऊन अंगावर येईपर्यंत झोपलो. नंतर तेल लावून अंघोळ केली. मास्तर ओट्यावर दाढी करत होते आणि चक्क गुणगुणत होते. आम्ही दोघं एकमेकांशी त्या विषयावर बोललो नाही. असे चार-पाच रविवार गेले. मुलं अंगणात भांडत होती. अण्णा सकाळी एकटे बाहेर पडत, दुसरा आडवा रस्ता शोधायला. दुपारी परत येत, धोतराला कुसळं लागलेली. एकदा नदीच्या बाजूनं आले ते लंगडत. महिना झाला तेव्हा मी पूर्ण भाडं पुढं केलं. चालणं नाही तर सूट कसली. त्यांनी बारा आणे परत दिले. "चालणं बंद झालं ते माझ्यामुळं. तुमच्या मुलांचे पाय कमी झालेले नाहीत."

पौषात त्यांनी मला बोलावून सांगितलं की ते घर विकणार आहेत. वाईला चुलतभाऊ आहे, त्याच्याकडं जाऊन राहतील. "बांध नाही, तर ही बिऱ्हाडं मी ठेवू तरी कशाला? दुसऱ्याच्या मुलांचा नुसता आवाज ऐकायला?" हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. एखादा जुना जोडा टाकून द्यावा तसं म्हटलं.

मी घरी येऊन हिशेब केला. पावणेचारात भोरात दोन खोल्या आणि आडाचं पाणी मिळणार नव्हतं. हे एक. दुसरं म्हणजे शरू रोज संध्याकाळी त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहायची आणि ते तिला, "आज नाही," म्हणायचे, ते मला आमच्या खोलीतून ऐकू यायचं. झोपेची मला हौस होती. पण ते दोन शब्द रोज ऐकून झोपही नीट लागेना.

बायको म्हणाली, "अहो, जा की त्यांना घेऊन. पाला मी खुडला, आणि म्हातारा झुरतोय."

अण्णा आणि मी उत्रोलीला गेलो. बाई अंगणात शेंगा निवडत होती. सासू भिंतीला टेकून बसली होती. आम्हाला बसायला घोंगडी टाकली. अण्णा बसले नाहीत.

"बाई, नुकसान किती ते सांगा. दुप्पट देतो."

"पैशानं हरबरा उगवतो व्हय? आनि नुसकान आत्ता कसं सांगू? घाटं धरल्यावर बगू. शेजारच्या खाचरात किती निगतंय आनि तुमी तुडवल्यालं हाय त्यात किती, तवा कळंल."

"तोवर बांध?"

"तोवर बंद."

अण्णा उभेच. मला वाटलं आता ते परत फिरतील आणि जाऊन वाईला पत्र टाकतील. तेवढ्यात सासू म्हणाली, "त्यांची पोरं लई वरडत्यात गं. बांधावर आली का हितपातूर ऐकाय यायचं."

बाईनं शेंग निवडता निवडता हात थांबवला. तिनं माझ्याकडं बघितलं, मग अण्णांकडं. "म्हातारबा, माघात घाट्यावर पोपट बसत्यात. थव्यानं. बाकीच्या दिवशी आत्याबाई राखत्यात, पन इतवारी त्या खंडोबाला जात्यात आनि मला गोठ्यातनं निगता येत न्हाई. तुमची पोरं इतवारी आना. बांधावर बसवा, आनि काय वरडायचं त्ये वरडू द्या. खाली मातूर एक पाय पडता कामा न्हाई."

"चालेल," अण्णा म्हणाले. त्यांनी मला विचारलं नाही. मास्तरांना तर नाहीच. घर विकायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

माघातले ते रविवार मी विसरत नाही. आधीच्या फिरण्यात निदान बसायला मिळत असे. आता पहाटे निघायचं, उन्हं येण्याआधी बांध गाठायचा, आणि दुपारपर्यंत रॉकेलचे डबे बडवायचे. पोपट शरूसाठी थांबत नव्हते. ती मुंगळ्याशी बसली तरी पलीकडच्या कोपऱ्यात थवा उतरे आणि सगळ्यांना पळावं लागे, तेही बांधावरून, एका ओळीत. कायदा पहिल्याच तासात मोडला आणि अण्णांनी तो मोडू दिला. मास्तरांच्या मोठ्या मुलानं गोफण केली. अण्णांनी ती एकदा फिरवून बघितली. दगड मागं गेला आणि मास्तरांच्या शिदोरीवर पडला. मास्तर म्हणाले, "अण्णा, पोपट तिकडं आहेत." बाई गोठ्याच्या दारातून हे बघत होती. ती पहिल्यांदाच हसलेली मी बघितली.

घरी येईपर्यंत माझी कानशिलं ठणकत. मुलं वाटेतच पेंगत. उचलायचं नाही हा नियम होता, पण अण्णांचाच घसा बसलेला, ते मना करू शकत नव्हते. तेव्हा आम्ही मुलांना खांद्यावर घेऊन येत असू. अण्णा मागून डबा घेऊन येत. ते फार थकलेले दिसत. त्यांना मी विचारलं, एखादा रविवार चुकवायचा का? त्यांनी मानेनंच नाही म्हटलं.

फाल्गुनात होळीच्या अलीकडं बाईचा निरोप आला. हरभरा बडवून झाला होता. खळ्यावर ती, सासू, अण्णा, मी, मागं हट्टानं आलेली शरू आणि मास्तरांचा मुलगा. दोन ढीग वेगळे ठेवले होते. तुडवलेल्या खाचराचा ढीग लहान होता, ते दिसतच होतं. बाईनं तो आमच्यासमोर पायलीनं मापला, मग शेजारच्या खाचराचा मापला.

"ह्यो अर्ध्या पायलीचा फरक तुमचा," ती म्हणाली. "आता दुसरं. अवंदा पोपटांनी इतवारी काय नेलं न्हाई. बाकीच्या शेतकऱ्यांचं बगा जाऊन, निम्मं ऱ्हायलंय. म्या राखन्या ठेवला असता तर त्याला पायलीभर द्यावं लागलं असतं. त्यातनं तुमची नासाडी वजा. अर्धी पायली ऱ्हाते. ही तुमची मजुरी."

मी मनात मांडून बघितलं. हिशेब बरोबर होता. असलाच तर थोडा आमच्या बाजूनं होता.

अण्णा म्हणाले, "मी मजुरी घेत नाही, बाई. मी आलो तो बांधासाठी."

"मग पुडल्या साली बांध न्हाई."

"का म्हणून?"

"फुकाट राखनारा मानूस मला परवडत न्हाई, म्हातारबा. फुकाट राखतो त्यो उद्या हक्क सांगतो. तुमच्या पोरांची पोरं येऊन म्हनतील, आमच्या आज्यानं हितं राखन केली हुती. मजुरी घेतली का मिटलं. म्या दिलं, तुमी घेतलं. मग या खुशाल, बांधावरनं चाला."

अण्णांना पोरं नाहीत हे तिला माहीत नव्हतं किंवा त्या वेळी आठवलं नसेल. कुणी तिला सांगितलं नाही.

त्यांनी हात पुढं केला नाही. ज्या माणसानं आमच्या घरचं पाणी घेतलं नाही, त्याला हे किती जड जातंय ते मला दिसत होतं. सासू म्हणाली, "घे की रं बाबा, हात भरून आलं माज्या पोरीचं." बाई खरंच माप हातात धरून उभी होती.

"घ्या, अण्णा," मी म्हणालो.

त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, दोन्ही हातांनी पसरलं आणि वाकले. बाईनं माप उपडं केलं. वर एक मूठ जास्त टाकली. त्यांनी गाठ मारली.

बांधावरून परत येताना त्यांनी शरूला पुढं घातलं नाही. तेच पुढं चालले, गाठोडं पोटाशी धरून. ओढ्याशी मुलांनी हात पुढं केले. गूळ-शेंगदाण्यांची सवय होती. मास्तरांचा मुलगा म्हणाला, "अण्णा, मूठभर द्या ना."

"नाही," अण्णा म्हणाले. "ही माझी मजुरी आहे."

मुलं बघत राहिली. मीही. ते ओढा ओलांडून गेले आणि आम्ही त्यांच्या मागून गेलो.

तेव्हा शेवटी दिलं गेलं ते अर्धी पायली हरभरा आणि वर एक मूठ. उत्रोलीच्या बाईनं, खळ्यावर, आमच्या घरमालकांना. त्यातला एक दाणाही त्यांनी कुणाला दिला नाही. पुढं दोन महिने ते रोज संध्याकाळी थोडा थोडा भाजून, ओट्यावर एकटे बसून खात होते.